खंडेनवमीचं तेल

ग्वाल्हेरजवळच्या मुरारच्या जुन्या छावणीत, जिथं एकेकाळी रियासतीच्या घोड्यांना नाल ठोकत, त्या लांबट कौलारू बराकीत खनिज खात्याची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणायची आपली पद्धत. आत होतं काय, तर दगड दळायची चक्की, काचेच्या पेटीतला एक तराजू, बाटल्यांनी भरलेली दोन कपाटं आणि मधोमध मुकुंदराव खांबेट्यांचं यंत्र. खात्यातले कारकून त्याला ‘खांबेट्यांची दुसरी बायको’ म्हणत. पहिली बिचारी विषमज्वरानं गेली, एकुलती मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेली, आणि मुकुंदराव सकाळी आपल्या दोन खोल्यांना कुलूप लावून सायकलवर बसत ते थेट या यंत्रापाशी येऊन उतरत. कारकुनांचं फार चुकत होतं असं नाही.

आता या यंत्रात एवढं काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं रामायण कळायचं नाही. तांब्याचा दगड असतो दोन जातींचा. एक श्रीमंत, तो सरळ भट्टीत घालावा. दुसरा गरीब, त्यात मणभर दगडामागं तांबं जेमतेम शेरभर. असला दगड भट्टीत घालणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मग तो पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवायचा, त्यात एक उग्र वासाचं औषध चिमूटभर आणि चीडच्या झाडाचं तेल दोन-चार थेंब टाकायचं, आणि तळाशी पंखा गरागरा फिरवून पाण्यात हवा घुसवायची. बुडबुडे उठतात. औषधामुळं तांब्याच्या कणाला पाण्याचा तिटकारा येतो, तो बुडबुड्याला बिलगतो आणि वर येतो. माती-दगड खाली राहतात. म्हणजे जड ते तरंगतं आणि हलकं ते बुडतं! वरचा पिवळसर फेस पळीनं ओढून घ्यायचा आणि वाळवायचा. हा प्रकार मुकुंदरावांनी कॉलेजात पहिल्यांदा पाहिला आणि माणूस त्यातच अडकला.

परदेशी यंत्र मागवायला रियासतीनं हात वर केले, म्हणून त्यांनी स्वतःच करायला घेतलं. सागवानी पेटी, समोरच्या बाजूला काच. विलायती यंत्राला हवा भरायला वेगळा भाता लागे. यांचा पंखाच फिरता फिरता नळीतून हवा ओढून घेई. सगळी मेख होती ती पंख्यावरच्या टोपणात आणि त्याच्या तिरक्या फटींत. पंखा आणि टोपण यांत जागा जास्त झाली की हवा ओढायचा नाही; कमी झाली की वाळू अडकून कर्रकर्र करायचा. बिडाचे पंखे वाळूनं झिजवून टाकले. मग ट्रकच्या जुन्या टायरचं रबर पात्यांवर चढवलं, तेव्हा कुठं तो टिकायला लागला. या सगळ्यात केस पांढरे झाले, आणि खात्यातले लोक हसायचे ते हसतच राहिले.

हसला नाही तो एक माणूस. मानसिंगराव जगदाळे. यांचे पूर्वज साताऱ्याकडून फौजेबरोबर आलेले. हे स्वतः रियासतीच्या शस्त्रागारात. तलवारी, भाले, जुन्या बंदुका, सगळ्यांची देखभाल यांच्याकडं. रियासत विलीन झाली, फौज मोडली, हत्यारं मोजून सरकारजमा झाली, आणि मानसिंगरावांची रवानगी या बराकीत फिटर म्हणून झाली. पहिल्या दिवशी त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि मिशीला हात लावून विचारलं, “हे मारतं काय?”

“कुणाला मारत नाही हो,” मुकुंदराव म्हणाले. “निवडतं.”

“बरं मग. निवडू.”

तेव्हापासून दोघं मिळून निवडत होते. रबर कापायचं, चिकटवायचं, पंखा उतरवायचा, चढवायचा. दुपारी मानसिंगरावांचा डबा उघडे. डब्यात पोळ्या नेहमी दोघांच्या असत, कारण सुमनताईंनी, म्हणजे मानसिंगरावांच्या बायकोनं, एकदा ऐकलं की खांबेटे भाऊजी दुपारी नुसते फुटाणे खातात. त्यावर कधी चर्चा झाली नाही. चार पोळ्यांच्या आठ झाल्या, एवढंच. मुकुंदरावांना रविवार आवडत नसे. रविवारी दिवसभर त्यांच्याशी कुणी बोलत नसे; संध्याकाळी दूधवाल्याशी भाव करताना आपलाच आवाज आपल्याला परका वाटे.

मग आलं ते छप्पन साल. मध्यभारत गेला, नवा प्रदेश येणार, राजधानी भोपाळ. अहो, ग्वाल्हेरची नुसती पळापळ! कचेऱ्याच्या कचेऱ्या बैलगाड्यांवर लादून स्टेशनाजवळच्या पडावला जात होत्या. स्टेशनात माणसांपेक्षा टेबलं जास्त. कुणाला भोपाळ, कुणाला इंदूर, कुणाला नारळ. प्रयोगशाळेतले कारकून एकेक करून गेले, शिपाई गेला, चक्कीवाला गेला. जाताना प्रत्येक जण म्हणे, “खांबेटे साहेब, पत्र टाका हं.” कुणी पत्ता देऊन गेलं नाही. गणपतीपर्यंत बराकीत उरले दोन म्हातारे आणि एक यंत्र.

अशात भोपाळहून निरोप आला. दौलतसिंह नावाचे अधिकारी दसऱ्यानंतर यंत्र तपासायला येतील. यंत्रानं काम दाखवलं तर ते जबलपूरला नव्या प्रयोगशाळेत जाईल, आणि त्याच्याबरोबर खांबेटे आणि जगदाळे दोघंही. नाही दाखवलं तर यंत्र लिलावात, खांबेटे भोपाळला कारकुनी टेबलावर आणि जगदाळे घरी.

मुकुंदरावांनी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. मानसिंगराव मात्र खुशीत. “जबलपूरला नर्मदा आहे म्हणतात. सुमनला रोज स्नान. तुम्ही आमच्या शेजारी खोली घ्या. दोन घरांत एक चूल बस्स झाली.”

“बघू,” मुकुंदराव म्हणाले. पण त्या रात्री ते अंथरुणावर पडून त्या एका चुलीचाच विचार करत होते. आधी यंत्राचं भलं व्हावं म्हणून देवाला हात जोडत असत. आता त्यांना कळलं की यंत्र चालायला हवंय ते फक्त यंत्रासाठी नाही. हे मात्र ते कुणाजवळ बोलले नाहीत. बोलायची सवयच नव्हती माणसाला.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडं हत्यारं-अवजारं पुजतात. मानसिंगराव दरवर्षी यंत्राला हार घालत, पेटीच्या बाहेरच्या फळीला कुंकवाचं बोट लावत, मोटारीपाशी नारळ ठेवत. आत हात घालायचा नाही, हे मुकुंदरावांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. यंदाही पूजा झाली. मुकुंदरावांनी फूल वाहिलं आणि ते निघाले, कारण गुरुजी त्यांच्याकडं नवमीचं पारणं करायला येणार होते. मानसिंगराव म्हणाले, “तुम्ही व्हा पुढं. मी आवरून, कुलूप लावून येतो.”

पूजेत ठेवलेलं अवजार दसरा सरेपर्यंत हलवत नाहीत. दसऱ्याला सुट्टी. एकादशीला सकाळी दौलतसिंह टांग्यातून उतरले. तरुण, बंद गळ्याचा कोट, बोलणं हिंदी आणि मोजकं. “दिखाइए,” एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढून काचेसमोर बसले.

मानसिंगरावांनी मोटार सुरू केली. पट्टा धावला, पंखा घुमला. मुकुंदरावांनी दगडाचं पीठ पाण्यात सोडलं, औषध टाकलं, चीडच्या तेलाचे थेंब टाकले. आता हा असा फेस उठणार, म्हणून ते काचेकडं बघत राहिले. बुडबुडे आले. आले आणि वर पोचताच फट्‌कन फुटले. पुन्हा आले, पुन्हा फुटले. पाण्याचा पृष्ठभाग कढी निवल्यासारखा सपाट.

मुकुंदरावांनी आणखी थेंब टाकले. फेस धरेना. आणखी टाकले. तेव्हा एकदम राखाडी, चिकट असा फेस भसाभसा वर आला आणि त्याच्याबरोबर दगड, माती, सगळं काही. पळीनं ओढून पाहिलं तर नुसता चिखल.

“यह तो मिट्टी है,” दौलतसिंह म्हणाले.

मोटार बंद झाली. पाणी स्थिरावलं तसा त्यावर रंगीत तवंग दिसायला लागला. मुकुंदरावांनी वाकून वास घेतला. तिळाचं तेल. त्यांनी बाही वर सारून पेटीत हात घातला, टोपणाखाली बोट फिरवलं, आणि बोट बाहेर काढून अंगठ्यावर चोळलं. कुठल्याही घरातली बाई सांगेल, डाळ उतू जायला लागली की तेलाचा थेंब टाकावा, फेस बसतो. चीडचं तेल फेस धरतं; खायचं तेल फेसाचा जीव घेतं.

त्यांनी मानसिंगरावांकडं पाहिलं. मानसिंगरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

“तुम्ही आत तेल लावलंत?”

“नवमीला… पात्यांना. हत्यार तेलावतातच की वर्षातून एकदा. यंदा परीक्षा होती त्याची, म्हटलं रीतसर करावं. पण मी पुसलं होतं, मुकुंदराव. कोरड्या फडक्यानं दोनदा पुसलं. आईशपथ.”

तलवारीचं पातं पुसलं की पुसलं जातं. हे रबर होतं. रबरानं तेल पिऊन ठेवलं होतं आणि पंखा फिरायला लागताच ते ओकायला लागलं होतं. हे मुकुंदरावांना त्या क्षणी कळलं, आणि हेही कळलं की या माणसानं मायेनंच केलंय. पण कळणं वेगळं आणि संताप वेगळा. इतक्या वर्षांचं सगळं त्यांच्या डोक्यात गेलं.

“तलवार आहे का ही?” ते ओरडले. बराकीच्या कौलांवरची कबुतरं उडाली. “काय आहे काय तुमच्या डोक्यात? तुमची फौज गेली, तुमच्या तलवारी गेल्या, तुमचं शस्त्रागार गेलं! गेलं ते सगळं! आता माझ्या यंत्राला कशाला त्यात ओढता? अडाणी माणसाच्या हाती दिलं हीच माझी चूक. जन्माचं वाटोळं केलंत माझ्या, जन्माचं!”

मानसिंगराव ताठ उभे होते. शस्त्रागारात वरिष्ठ बोलताना उभं राहत तसे. मग टोपी डोक्यावर नीट केली आणि बाहेर गेले.

मुकुंदराव दौलतसिंहांकडं वळले. तोडक्यामोडक्या हिंदीत तेलाचं सांगितलं, रबराचं सांगितलं, एक दिवस द्या म्हणून हात जोडले. दौलतसिंहांनी घड्याळ पाहिलं. “खांबेटे जी, कल शाम की गाड़ी से मुझे लौटना है। कल यहाँ और दस काम हैं। मशीन मेरे सामने फेल हुई, मैं क्या लिखूँ?” आणि टांग्यात बसून गेले.

घ्या! संपलं. माणसानं काय करावं? मुकुंदराव बराकीत एकटेच उरले. तरी त्यांनी पंखा उतरवला. तेल प्यालेलं रबर सुरीनं खरवडून टाकलं, कोपऱ्यातल्या टायरचा नवा तुकडा कापला. उद्या कुणी बघणार नव्हतं. पण यंत्र तसंच ठेवून घरी जाववेना. पेटी गरम पाण्यानं आणि धुण्याच्या सोड्यानं घासली. रबर चिकटवताना दुसरं टोक धरायला हात लागतो. तो आज नव्हता. त्यांनी गुडघ्यात धरून, दातांनी ओढून कसंबसं बसवलं. मध्येच त्यांना रडू आलं, ते त्यांनी येऊ दिलं, कारण बघायला कोण होतं? राग अजून गेला नव्हता. पण रागाखाली दुसरं काहीतरी कुरतडत होतं, आणि त्याच्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुलूप काढतात न काढतात तोच टांगा येऊन थांबला. दौलतसिंह उतरले.

“चलाइए,” ते म्हणाले. “एक बार और।”

मुकुंदरावांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. आपण काल तेलाचं शास्त्र सांगितलं ते साहेबांना पटलं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. विचारायचं धाडस केलं नाही. देवानं दार उघडलं की बिजागरी कुणाची म्हणून विचारू नये. मानसिंगराव आले नव्हते. मुकुंदरावांनी मोटार स्वतःच सुरू केली, पट्टा स्वतःच चढवला, आणि त्यात नख फाटलं तरी त्यांना कळलं नाही.

आणि फेस आला! काय सांगावं तुम्हाला. तळापासून बारीक बारीक बुडबुडे, एकाला एक धरून, वर येऊन काठाशी थबकले, फुटेनात. पिवळी झाक असलेला, जड, चमकणारा फेस. पळीनं ओढला की मागून दुसरा हजर. काचेतून दिसत होतं, खाली पांढरा दगड घुमतोय आणि तांबं त्याला सोडून वर चाललंय. दौलतसिंह खुर्चीवरून उठून काचेला नाक लावून उभे राहिले. साहेबपणा विसरला पोरगा. “वाह,” म्हणाला. “ना भाथी, ना कुछ, खुद ही हवा खींच रही है!”

मुकुंदरावांनी सवयीनं उजवीकडं मान वळवली. फेस चांगला आला की ते नेहमी उजवीकडं बघत आणि तिथून मिशीतलं हसू येई. उजवीकडं भिंत होती.

दुपारपर्यंत फेस वाळवून, तपासून आकडा हाती आला. उत्तम होता. दौलतसिंहांनी मुकुंदरावांचा हात हातात घेतला. “मशीन जबलपुर जाएगी, और आप उसके साथ।” मग कोटाचं बटण लावता लावता सहज विचारल्यासारखं म्हणाले, “फिटर तो हमें वहाँ भी मिल जाएगा। आपको इसी आदमी की ज़रूरत तो नहीं?”

आता इथं थांबायला हवं. कारण याच जागेवर सगळं होतं. एक शब्द पुरला असता. ‘आहे’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? कदाचित साहेब हो म्हणाले असते. कदाचित नसतेही. मुकुंदरावांच्या मनात त्या एका क्षणात काय काय येऊन गेलं! पहिलं आलं ते भय. आत्ता कुठं नशीब उघडलंय; आणखी मागायला गेलो आणि साहेबांचा विचार फिरला तर? दुसरा आला तो कालचा राग, अजून ऊन होता. आणि तिसरं एक आलं, ते फार हलकं होतं. यंत्र चाललं ते मानसिंगरावांशिवाय, आज, माझ्या एकट्याच्या हातानं.

“जी नहीं,” ते म्हणाले. “ज़रूरत नहीं।”

दौलतसिंहांनी त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. दुसरंच काही उत्तर येईल असं धरून बसल्यासारखं. मग म्हणाले, “ठीक है,” आणि टांग्यात बसले.

टांग्याची घंटा वाजत वाजत दूर गेली, आणि मुकुंदराव भानावर आले. हे काय बोललो आपण? ते सायकलकडं धावले, परत आले, खुर्चीत बसले. मग मनाची समजूत घालायला लागले. माणूस त्यात फार हुशार असतो. जबलपूरला आधी बस्तान बसवू, मग साहेबांना हळूच सांगून मानसिंगरावांना बोलावून घेऊ. सहा महिन्यांची तर गोष्ट. आत्ता घाई केली असती तर दोघंही बुडालो असतो. खरं म्हणजे त्यांच्या भल्यासाठीच. असं घोकत घोकत ते संध्याकाळी किला गेटला मानसिंगरावांकडं गेले. वाटेत पेढे घेतले. काल बोललो त्याची माफी मागायची, यंत्र चाललं ते सांगायचं, आणि उरलेलं हळूहळू.

मानसिंगरावांचं घर किल्ल्याच्या चढाखाली, दोन खोल्यांचं. दार उघडंच होतं. मानसिंगराव पाटावर बसून दोरी वळत होते. मुकुंदरावांना पाहताच दोरी टाकून उठले.

“चाललं ना?” त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“चाललं.”

“फेस?”

“असा आला, मानसिंगराव, असा! काठावर उभा राहिला. साहेब काचेला नाक लावून…” मुकुंदरावांनी पुडा खाली ठेवला. “मी काल जे बोललो—”

“अहो, सोडा. चूक माझी होती. फौजेत यापेक्षा वाईट ऐकलंय मी, तेही बिनचुकीचं.” मानसिंगरावांनी हसून त्यांना हाताला धरून बसवलं. “सुमन, पान वाढ. भाऊजी आलेत.”

सुमनताई आतून आल्या, पेढ्यांचा पुडा घेतला, देवापुढं ठेवला. पोळ्या, वांग्याची भाजी, ताक. मुकुंदरावांनी पहिला घास घेतला तोच त्या म्हणाल्या, “भाऊजी, आता तुम्हीच सांगा. काल हे पडावला गेले होते, त्या साहेबाच्या हॉटेलावर. फौजेतला कोट घालून, पदक लावून. मी म्हटलं, दसरा तर काल झाला, आता कुठं सीमोल्लंघन?”

“सुमन,” मानसिंगराव म्हणाले.

“का? सांगू दे की. मोठं काम केलंय, लपवायचं काय त्यात!” त्या मुकुंदरावांकडं वळल्या. डोळे भरले होते पण बोलणं ठसक्यात. “साहेबाला म्हणाले, चूक माझी, शिक्षा मला. मी नोकरी सोडतो, माझं जबलपूर रद्द करा, पण यंत्राला आणखी एक दिवस द्या. तासभर बाहेर उभे होते म्हणे. तेव्हा तो कबूल झाला.”

मुकुंदरावांचा घास तोंडातच राहिला. म्हणजे शास्त्र नाही, देव नाही, कुणी नाही. दार या माणसानं उघडलं होतं. आणि त्याची किंमत म्हणून एक चूल देऊन आला होता.

“मला… मला का नाही सांगितलंत?”

“तुम्हाला?” मानसिंगराव मोठ्यानं हसले. “तुम्हाला सांगितलं असतं तर झालंच असतं कल्याण. तुम्ही अडून बसला असता. जगदाळ्याशिवाय पाऊल उचलणार नाही म्हणाला असता आणि हातातलंही घालवलं असतं. ओळखत नाही का मी तुम्हाला? वरून ओरडाल, पण आत लोणी.” ते पुढं झुकले. “साहेबाला मी बजावून आलोय, खांबेट्यांपुढं माझं नाव काढायचं नाही. तो हट्टी माणूस आहे. तर साहेब म्हणतो कसा, ऐसा कौन करता है आजकल, मैं तो पूछ के देखूँगा. मी हात जोडले, म्हटलं नका विचारू, तो एकट्यानं जायला नाही म्हणेल आणि यंत्र इथंच सडेल.” ते थांबले, आणि त्यांनी जरा काळजीनं विचारलं, “नाही ना काढलं त्यानं माझं नाव?”

सुमनताई हातात पोळी घेऊन उभ्या होत्या. त्याही बघत होत्या.

मुकुंदरावांनी ताटाकडं पाहिलं. खरं सांगायचं म्हणून ते इथं आले होते. उरलेलं हळूहळू. तोंड उघडलं तेव्हा निघालं ते दुसरंच.

“नाही,” ते म्हणाले. “नाही काढलं.”

“बरं झालं!” मानसिंगरावांनी मांडीवर थाप मारली. “बघ सुमन, शब्दाचा पक्का निघाला पोरगा. नाहीतर या महाराजांनी सगळ्यावर पाणी ओतलं असतं.”

“ओतलंच असतं,” सुमनताई म्हणाल्या आणि मुकुंदरावांच्या ताटात पोळी वाढली. नको म्हणायच्या आत तिच्यावर तूप सोडलं.

मुकुंदराव जेवायला लागले. खाली मान घालून, घासामागून घास. वाढलेलं टाकायचं कसं, म्हणून गिळत होते. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी डाव्या हातानं पुसलं. आणि एकदा हुंदका फुटला तसा तो आवरेना. एवढ्या वयाचा माणूस, भरल्या ताटावर बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

मानसिंगराव उठून जवळ आले. त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. त्यांचेही डोळे ओले झाले होते.

“अहो मुकुंदराव, हे काय? जबलपूर काय लंकेत आहे का? आम्ही येऊ की. दिवाळीला येऊ, नर्मदेवर जाऊ. पत्र टाका, धावत येतो बघा. असं एकट्यानं जायचं म्हणून कुणी रडतं होय?”

सुमनताईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. “रडू द्या हो त्यांना,” त्या म्हणाल्या. “जीव लागलाय माणसाचा.”